चमच्यातला च

मराठीत च दोन आहेत आणि लिहिताना ते जुळ्या भावांसारखे हुबेहूब दिसतात. चमच्यातला च वेगळा, चंद्रातला वेगळा. चटणीचा एक, चहाचा दुसरा. हे आपल्याला कुणी शिकवत नाही, आईच्या कडेवर असतानाच ते कानातून आत गेलेलं असतं. त्यामुळे आपण सहसा चुकत नाही. पंचाईत होते ती कुणीतरी बसून एक नवाकोरा शब्द तयार केला, त्याची सुरुवात च ने केली, तीन जाडजूड पुस्तकांत तो हजारदा छापला आणि मोठ्याने कसा म्हणायचा हे न सांगताच जगाचा निरोप घेतला, तर.

शब्द आहे ‘चारंगा’. हा एक प्राणी आहे. घोड्याएवढा, पण खाडीत राहणारा. चिखलावरून चालला तरी त्याचे पाय रुतत नाहीत आणि भरती-ओहोटीप्रमाणे त्याच्या अंगाचा रंग चार वेळा बदलतो. ‘चारंग्याचं बेट’ या कादंबरीत ओहोटी नावाची मुलगी त्याच्या पाठीवर बसून एक बेट शोधायला निघते, जे फक्त पाणी मागे हटल्यावर दिसतं. तीन भाग आहेत. तिसरा भाग मी लॅबमध्ये मधल्या सुट्टीत संपवला. मी घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढण्याचं काम करते. शेवटचं पान मिटून डोळे पुसत पुसत मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तर त्या बिचाऱ्याला वाटलं, त्याचाच रिपोर्ट वाईट आलाय.

तर या कादंबरीवर सिनेमा येणार येणार असं इतकी वर्षं चाललं होतं की आम्ही त्याला ‘मुंबईतला खड्डेमुक्त रस्ता’ म्हणायचो. यंदा मात्र खरंच बातमी आली. दिवाळीत सिनेमा आणि मे महिन्याच्या अखेरीस टीझर. झालं, आमच्या फोनवरच्या ग्रुपचं ताळतंत्र सुटलं. ओहोटीचं काम करणारी मुलगी फार गोरी आहे का, बेट कुठे शूट केलं असेल, चारंगा कॉम्प्युटरवर करणार म्हणजे त्याच्या डोळ्यांत तो खट्याळपणा येईल का, यावर लोक ऑफिसची कामं टाकून बोलत होते. एकाने तर मुलुंडच्या मिठागरांचे फोटो टाकून, बघा, इथेच आहे सगळं, फुकट घ्या, असं थेट निर्मात्यांना कळवून टाकलं.

पण खरं भांडण एकच होतं. चारंगा कसा म्हणायचा? तीन भाग आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात वाचलेले, प्रत्येकाच्या डोक्यात त्याला ज्याची त्याची हाक. आता पडद्यावर ओहोटी त्याला खणखणीत आवाजात हाक मारणार आणि कायमचा निकाल लागणार. ग्रुपमध्ये दोन पक्ष पडले, चमचेवाले आणि चंद्रवाले. मी कट्टर चमचेवाली. चंद्रवाले आम्हाला नुसतं ‘चमचे’ म्हणायचे, त्यातले दोन्ही अर्थ त्यांना अभिप्रेत असत. एका शांतताप्रिय काकांनी तोडगा सुचवला, की ‘चिंच’ म्हणून बघा, पहिला च चंद्रातला, दुसरा चमच्यातला, एकाच शब्दात दोघे सुखाने नांदतात. त्यांना दोन्ही पक्षांनी मिळून झापलं.

चंद्रवाल्यांची पुढारी माझ्याच शेजारच्या टेबलावर बसते. ॲग्नेस. मरोळच्या गावठाणातली, आमच्या लॅबमध्ये माझ्याही आधीपासून. तिचं म्हणणं सरळ होतं. चार रंग म्हणून चारंगा, लहान पोरालाही कळेल, यात वाद कसला यार. माझ्याकडे त्यावर हुकमाचा पत्ता होता. आमचे लेखक आयुष्यभर आरे कॉलनीत गोठ्यांवर देखरेखीच्या नोकरीला होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं म्हशींपुढे चारा पडताना बघितला, त्याच्या डोक्यात चारंगा कुठून येणार? चाऱ्यातून! ॲग्नेस म्हणाली, तुझा चारंगा तिवराची पानं खातो, चारा नाही. मी म्हटलं, खाडीतला चारा तोच. मध्ये हाताला रबरी पट्टी बांधून बसलेला पेशंट म्हणाला, आधी माझं घ्या ना.

हे सगळं गमतीचं होतं, आणि एका बाजूने अजिबात गमतीचं नव्हतं. मला या सिनेमाकडून फक्त एक गोष्ट हवी होती. माझ्या मुलीसमोर, रेवासमोर, माझा च खरा ठरायला हवा होता. कारण याच एका अक्षरावरून रेवाने नऊ वर्षांची असताना माझ्यापुढे मराठी मोठ्याने वाचणं बंद केलं होतं, ते आज बावीस वर्षांची झाली तरी बंदच आहे. मला आपलं वाटायचं, एकदा पडद्यावरूनच सिद्ध झालं की तिला पटेल, आई उगाच नव्हती टोकत. आणि मग ती पुन्हा वाचेल. वाकड्या डोक्यात असली सरळ गणितं बरोब्बर बसतात.

तेरा वर्षांपूर्वीचा तो मेसुद्धा असाच होता. म्हणजे घामाचा, कैऱ्यांचा आणि परीक्षा संपल्यावर घरात पसरणाऱ्या त्या ऐसपैस आळसाचा. चौथीचा शेवटचा पेपर देऊन रेवा घरी आली ती अंगावर दोन फोड घेऊन. दुसऱ्या दिवशी चाळीस. कांजिण्या. मी रजा टाकली. गावाहून सासूबाईंचा फोनवरून हुकूम आला, घरात फोडणी द्यायची नाही, पोरीच्या अंथरुणात कडुलिंबाचा पाला घालायचा. मी विज्ञानाची पदवीधर, रोज लोकांच्या रक्तातले जंतू बघणारी, पण पाला आणला आणि फोडणीही दिली नाही. दोन आठवडे आम्ही मऊ भात, उकडलेले बटाटे आणि मीठ घातलेलं ताक यांवर काढले. नवरा बिचारा बाहेरून मिसळ खाऊन यायचा आणि वास येऊ नये म्हणून जिन्यातच बडीशेप चघळायचा.

त्या दिवसांचा मला अजून सगळा वास आठवतो. सुकत चाललेला कडुलिंब, अंगाला लावायचं ते गुलाबी औषध, ओल्या पंच्याचा गारवा, आणि दुपारी चारच्या सुमारास पूर्वेकडच्या खिडकीतून येणारा खाडीचा खारट, थोडा कुजका वारा. फोड खाजवायचे नाहीत म्हणून रेवाचे दोन्ही हात सतत कशात तरी गुंतवावे लागत. टीव्ही बघून डोळे दुखत. शेवटी मी कपाटातून ‘चारंग्याचं बेट’चा पहिला भाग काढला आणि तिच्या शेजारी चटईवर आडवी झाले. मुलुंड पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या गरगरीखाली, आमची होडी खाडीत सुटली.

रेवा इंग्रजी शाळेत होती. मीच घातली होती. मराठी तिला बोलता येत होतं, वाचायला अडखळायची, पण तीन दिवसांत ती गोष्टीने अशी झपाटली की माझा आवाज बसल्यावर म्हणाली, आण इकडे, मी वाचते. बोट ठेवून ठेवून वाचायला लागली. पहिल्या ओळीत चारंगा आला, चंद्रातला च घेऊन. मी म्हटलं, चमच्यातला च गं. तिने सुधारलं. पुढच्या ओळीत पुन्हा चंद्र. मी पुन्हा चमचा. तिच्या शाळेत सगळे च एकाच जातीचे, तिची जीभ तिकडेच वळायची. त्या पानावर चारंगा किती वेळा होता देव जाणे, माझा चमचा मात्र प्रत्येक वेळी हजर होता. भर मध्यात, चारंगा पाण्यातून वर येतो आणि ओहोटीला पहिल्यांदा बघतो त्या वाक्यावर, मी तिला पुन्हा थांबवलं. तिने पुस्तक माझ्या पोटावर ठेवलं. “तूच वाच,” म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी वाचलं. मला त्यात काही घडल्यासारखं वाटलंच नाही. पोरगी दमली असेल, एवढंच.

मी अशी का, याला एक कारण आहे. सबब म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. माझे वडील मालवणकडचे, गिरणीतले. घरात आम्ही मालवणी बोलायचो. पहिलीत असताना मी बाईंना वर्गात “माका पाणी व्हया” म्हटलं आणि सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून मी माझं मराठी असं घासून पुसून लख्ख केलं की वक्तृत्वाच्या स्पर्धेत मला लोक पुण्याची समजायचे. मला त्याचा फार अभिमान होता. आईशी मात्र चारचौघांत बोलायची वेळ आली की मी गप्प बसायचे. असं घासलेलं भांडं मग दुसऱ्याच्या भांड्यावरचा डाग बघतच राहतं.

रेवा पुढे दुसरा आणि तिसरा भाग आपला आपण वाचून मोकळी झाली. खोलीचं दार लोटून, मनातल्या मनात. आणि माझ्यापेक्षा सवाई वेडी निघाली. ती आता चित्रं काढते, डिझाइनचं काम करते, आणि तिने काढलेला चारंगा आमच्या अख्ख्या ग्रुपच्या फोनवर वॉलपेपर म्हणून आहे. आम्ही दोघी जेवताना बेटाबद्दल तासन्‌तास बोलतो. म्हणून तर मला कधी शंकाच आली नाही.

शंका आली ती गोरेगावला. मे महिन्याच्या मध्यावर ॲग्नेसने शोध लावला की तिच्या नणंदेच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी इमारतीत आमच्या लेखकांच्या पत्नी राहतात. आता टीझरपर्यंत थांबायचं कशाला? थेट उगमापाशीच जाऊ. फोन करून रविवारची सकाळ ठरवली. मुलुंडहून मी, मरोळहून ती, पवईला भेटलो आणि आरेतून जाणारी बस धरली. दोघींनी पिशवीत पुस्तकांचे तिन्ही भाग घेतले होते. आपापल्या पुराव्यांच्या पानांवर खुणा घालून. पन्नाशीच्या दोन बायका कोर्टात निघाल्यासारख्या. बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी झाडं, मधूनच गोठे, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. मी ॲग्नेसला कोपराने ढोसून म्हटलं, बघ, चारा.

काकू ऐंशीच्या आसपासच्या. बारीक अंगाच्या, तुरतुरीत. आम्हाला ‘पोरींनो’ म्हणाल्या, त्यामुळे आम्ही आधीच खूश. पन्हं दिलं. वेलची जरा जास्त होती. आम्ही दोघींनी एकदमच आपापली बाजू मांडायला सुरुवात केली. काकूंनी दोन्ही च शांतपणे ऐकून घेतले, म्हणून पाहिले, आणि मग त्यांना हसू आलं. म्हणाल्या, सिनेमावाली मुलंही हेच विचारून गेली. त्यांनाही सांगितलं, मला माहीत नाही. आमच्या घरात ते नाव कधी घेतलंच नाही कुणी. हे आपलं ‘ते जनावर’ म्हणायचे. आज त्या जनावराला पाण्यात उतरवलं, आज ते जनावर रुसलंय, असं.

ॲग्नेस खो खो हसली. मीही हसले. तीन भाग, हजार पानं, आणि घरात ‘ते जनावर’! मग ॲग्नेसनेच विचारलं, पण काकू, नाव का नाही घ्यायचे?

काकूंनी पन्ह्याचे रिकामे पेले एकात एक घातले. “सुरुवातीला पहिलं प्रकरण यांनी मला वाचून दाखवलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते नाव आलं आणि मी हसले. मला ती कसली तरी भाजी वाटली. झालं. परत कधी माझ्यापुढे मोठ्याने वाचलं नाही त्यांनी. पुस्तकं मी छापून आल्यावर वाचली, एकटीने.” पेले बाजूला सारत त्या म्हणाल्या, “कसं म्हणाले होते, ते आता आठवत नाही गं. हसले, तेवढं आठवतं.”

परतीच्या बसमध्ये ॲग्नेस मजेत होती. म्हणजे मॅच ड्रॉ, असं तिने ग्रुपला कळवूनही टाकलं. थांब्यावर पाड्यावरच्या एका बाईकडून तिने करवंदं घेतली होती, पळसाच्या पानात, ती माझ्यापुढे धरली. मी एक तोंडात टाकलं आणि चावायचंच विसरले. रेवा! रेवा माझ्यासमोर ‘चारंगा’ म्हणतच नाही. मी एकेक जेवण, सगळ्या गप्पा आठवून बघितल्या. ‘तो’ म्हणते. ‘आपला हिरो’ म्हणते. मध्ये काही महिने ‘महाराज’ म्हणायची, मला ते फार गोड वाटायचं. तेरा वर्षं ती त्याच्याविषयी रोज बोलते आहे आणि तेरा वर्षांत तिने माझ्यासमोर त्याचं नाव घेतलेलं नाही. ॲग्नेसने विचारलं, काय झालं, आंबट निघालं का? मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि बसमध्ये रडायला कारण सांगावं लागलं असतं.

खात्री करायला फार थांबावं लागलं नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी रेवा खिडकीपाशी उभी राहून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. चारंगा असा, चारंगा तसा, चारंग्याची आयाळ ओली दाखवायला हवी. चंद्रातला च, मोकळा, हसरा, एकही ठेच न लागलेला. इतकं छान वाटत होतं ते नाव तिच्या तोंडी! मी आंब्याच्या फोडींची बशी घेऊन बाहेर आले. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि फोनमध्ये म्हणाली, “हां, तर तो पाण्यातून येतो ना तेव्हा…” तिला स्वतःलाही कळलं नसेल. दारात शिरताना आपण चपला काढतो, तसं तिने ते नाव बाहेर काढून ठेवलं होतं. मी बशी ठेवली आणि आत जाऊन ओट्यापाशी उगाचच उभी राहिले.

टीझर आला त्या संध्याकाळी आम्ही दोघी सोफ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. नवऱ्याला मागे उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती. काळं पाणी, तिवरांची मुळं, लांबवर उजेडाची एक रेघ. काय सुंदर केलं होतं! मग ओहोटी गुडघाभर चिखलात उभी राहते, दोन्ही हात तोंडाशी धरते आणि हाक मारते. चमच्यातला च. स्वच्छ, ठसठशीत, माझा. पाणी दुभंगतं आणि पडद्यावर अंधार.

माझा फोन थरथरायला लागला. चमचेवाल्यांनी ग्रुपवर फटाके लावले होते. ॲग्नेसचा निरोप आला, जिंकलीस बाई, उद्याचा डबा माझ्याकडून, पण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलू नकोस. नवरा टाळ्या वाजवत होता. रेवा माझ्याकडे वळली आणि अगदी मनापासून हसली. तिला खरंच माझ्यासाठी आनंद झाला होता.

“घे. झालं सिद्ध,” ती म्हणाली. “पण काय दिसतोय ना तो!”

तो. इतका मोठा निकाल माझ्या बाजूने लागला आणि मी आयुष्यात कधी इतकी हरले नव्हते. सिनेमाने माझा च खरा ठरवला होता, म्हणजे तिचा आता कायमचा खोटा. मी उठले, कपाटातून पहिला भाग काढला, चारंगा पाण्यातून वर येतो ते पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. वाच ना, म्हटलं. ती म्हणाली, आत्ता? मी म्हटलं, आत्ता. तुला येतो तसा च लाव.

ती पुस्तकाकडे बघत राहिली. “तू थांबवशील,” ती म्हणाली.

“तेव्हा थांबवलं ती माझी चूक होती रेवा,” मी म्हटलं. हे वाक्य मी आरेच्या बसपासून तोंडात घोळवत होते, तरी म्हणताना आवाज फाटलाच. नवऱ्याने शहाण्यासारखा पंखा एक घर कमी केला आणि आत निघून गेला.

रेवाने घसा साफ केला. सुरुवात हळू होती, बोट ओळीखाली. बावीस वर्षांची बाई बोट ठेवून वाचत होती, तिच्या ते लक्षातही नव्हतं. ‘जहाज’ला तिने जगातला ज लावला. ‘झुळूक’ अडखळली. एका जोडाक्षरापाशी तर सरळ वळसा घालून पुढे गेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. मग ते वाक्य आलं. ती नावाच्या अलीकडे थांबली, श्वास घेतला, आणि म्हणाली, चारंगा. चंद्रातला. पुढच्या ओळीत पुन्हा, जरा मोठ्याने. त्याच्या पुढच्या ओळीत तिने नुसतं नाव घेतलं नाही, ओहोटीसारखी हाकच मारली, आणि ते जनावर माझ्या बैठकीच्या खोलीत पाण्यातून वर आलं. इतकी वर्षं मी ते पुस्तक वाचते आहे. ते मला कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पान संपलं. रेवाने वर बघितलं, डोळ्यांत थोडी धास्ती आणि थोडी चेष्टा.

“किती चुका झाल्या?”

“काय माहीत,” मी म्हटलं. “मी गोष्ट ऐकत होते.”

मग ती पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसली आणि तिने पान उलटलं.